टाकीमागचं घर

१

सकाळचा भोंगा झाला की सोनागिरी वस्तीकडून सायकलींचा लोंढा कारखान्याच्या फाटकाकडे निघायचा, आणि त्या लोंढ्याच्या उलट्या दिशेने, कडेकडेने, वैजयंती टोकेकर सामुदायिक भवनाकडे चालत जायची. खांद्याला झोळी, झोळीत कागद लावलेली पाटी, पेन्सिली, चाकू आणि पाण्याची बाटली. चौकीदार तिला पाहून जिन्याचं दार उघडायचा आणि ती गच्चीवर जाऊन बसायची.

वैजयंती कारखान्याच्या प्रचार विभागात चित्रकार होती. ग्वाल्हेरला रीतसर चित्रकला शिकलेली, लग्न होऊन भोपाळला आलेली. नवरा सुधाकर टाउनशिपच्या शाळेत गणित शिकवायचा. सुरक्षा सप्ताह आला की हेल्मेट घातलेल्या कामगाराचं पोस्टर तिने करायचं, विश्वकर्मा पूजेला मांडवातला पडदा तिने रंगवायचा. कुणी मोठा साहेब निवृत्त झाला की त्याचं तैलचित्र तिच्याकडे. गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकाला राजवाडा नाही तर पोलीस चौकी, जे लागेल ते, तिनेच उभं करायचं. हे सगळं ती मनापासून करायची. पण पाऊस आला की पोस्टरं गळून पडत, आणि नाटक संपलं की राजवाड्याच्याच मागच्या अंगाला पुढच्या वर्षीचं जंगल रंगवावं लागे. अलीकडे तिला ते टोचायला लागलं होतं.

त्या वर्षी मात्र भिंत चालून आली. सामुदायिक भवनाच्या मोठ्या दालनातली, या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी भिंत. विषय ठरला होता ‘आपली टाउनशिप’. आधी कागदावर आराखडा करायचा. तो समितीला पटला तर काम वैजयंतीचं, नाही पटला तर दिल्लीहून कुणी नावाजलेला माणूस बोलवायचा.

गच्चीवरून सगळं दिसायचं. कारखान्याच्या लांबलचक शेड, शाळा, बाजार, पाण्याची उंच टाकी आणि टाकीमागे क्वार्टरांची एक ओळ. एकाच साच्यातली बैठी घरं, पिवळट चुना, पुढे चिमुकला व्हरांडा. ओळीच्या मधोमध एका घरापुरती जागा तेवढी मोकळी होती. तिथे का कोण जाणे बांधकाम झालंच नव्हतं. एक बाभूळ वाढली होती, बाकी गवत.

वैजयंतीचा एक नेम होता. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही काढायचं नाही. म्हणून ती रोज कोवळ्या उन्हात बसून थोडं थोडं काढत राहिली, आणि एका रविवारी तिने घरातल्या पलंगावर सगळे कागद शेजारी शेजारी मांडले.

कारखाना जमला होता. टाकी तर फारच छान उतरली होती. मग तिची नजर टाकीमागे गेली.

ओळ सलग होती. मोकळी जागा नव्हतीच. बाभळीच्या जागी एक घर होतं.

२

तिला आधी हसूच आलं. एकसारखी घरं काढता काढता हात वाहवला असणार. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते, तसंच हे. तिने रबर घेतलं, घर पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन ती ओळ नव्याने काढली. या वेळी डोळ्यांत तेल घालून. बाभूळ तिला लख्ख दिसत होती. फांदीवर एक कावळासुद्धा होता.

घरी येऊन पाटी उघडली, तर कावळा होता. तो घराच्या गच्चीच्या कठड्यावर बसला होता.

तिने सुधाकरला हाक मारली. “अहो, जरा इकडे या. ही ओळ बघा.”

सुधाकर उत्तरपत्रिकांतून उठून आला. चष्मा वर सारून त्याने कागद न्याहाळला. “छान आहे की. हे मधलं घर कुणाचं गं?”

“का?”

“बाकीची सगळी नुसती घरं आहेत. इथे कुणीतरी राहतंय असं वाटतं. पडदा बघ ना, एका बाजूला गाठ मारून ठेवलाय.”

वैजयंतीला पडदा काढल्याचं आठवत नव्हतं. ती म्हणाली, “तिथे घर नाहीये. ती मोकळी जागा आहे, बाभळीची.”

सुधाकर हिशेबी माणूस. तो म्हणाला, “मग चल, बघूनच येऊ.”

संध्याकाळी दोघं फिरत फिरत टाकीमागे गेली. बाभूळ होती. तिच्याखाली दोन बकऱ्या गवत ओढत होत्या. सुधाकरने ओळीतली घरं या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट दाखवत मोजली आणि म्हणाला, “नाही. इथे काही नाही. तुझा हात चुकतोय, एवढंच.”

मोकळ्या जागेला लागून विमलताईंचं घर होतं. विमलताई नागपूरकडच्या, बोलायला मोकळ्या, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांत आधी हजर. त्यांनी दोघांना आत बोलावून पोहे केले. बोलता बोलता वैजयंतीच्या लक्षात आलं की मोकळ्या जागेकडची खिडकी घट्ट बंद आहे आणि तिच्यापुढे लोखंडी कपाट सरकवून ठेवलंय.

“विमलताई, एवढ्या उकाड्यात ही खिडकी बंद?”

“उघडतच नाही मी ती,” विमलताई म्हणाल्या. “वास येते तिकडून.”

“बकऱ्यांचा?”

“बकऱ्यांचा कायले? बकऱ्यांचा असता तं चाललं असतं.” विमलताई थोड्या घुटमळल्या. “काहून विचारतेस बापा. तुझ्या अंगाला येते नं, तो. टर्पेंटाइनचा. मला वाटे तूच आली असशील म्हणून मी दोनदा दारात जाऊन पाहून आली.”

सुधाकर पोहे खाता खाता थांबला. मग म्हणाला, “वाऱ्यावर येत असेल. कारखाना जवळ आहे.”

“हो, असंन,” विमलताई म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी पोहे वाढले.

३

आराखडा रंगवून द्यायची वेळ आली. वैजयंतीने ठरवलं, घर पुसून बाभूळ काढायची. तीनदा पुसून झालं तेव्हा कागदाला लव आली. आणखी पुसलं असतं तर भोकच पडलं असतं. शेवटी वैतागून तिने बाकीचं रंगवायला घेतलं. शाळा, बाजार, शेड. कुंचला बुडवायचा, डब्याच्या काठावर टकटक आपटून निथळायचा, लावायचा. दुपारभर ती या कामात गढून गेली होती. मान वर केली तेव्हा ते घरही रंगवून झालेलं होतं.

व्हरांड्यातल्या दोरीवर एक साडी वाळत होती. पिवळी, हिरव्या काठाची.

वैजयंती उठून आतल्या खोलीत गेली. ट्रंक उघडली. तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, भाऊबीजेला भावाने दिलेली पिवळी साडी तशीच होती. हिरव्या काठाची. तिची अजून घडीही मोडली नव्हती. ती कुणी पाहिलीच नव्हती, तर दोरीवर वाळणार कुठून?

‘माझ्याच डोक्यात होती ना ती,’ तिने स्वतःला समजावलं. ‘डोक्यात असेल तेच हातात उतरणार. यात नवल ते काय?’ ते पटण्यासारखं होतं. तरी तिने ट्रंकेला कुलूप घातलं.

प्रचार विभागाचे प्रमुख गोपीनाथ सक्सेना. तोंडात सदा पान, मन मोठं, चित्रातलं थोडंफार कळणारा माणूस. त्यांनी आराखडा भिंतीला टेकवून ठेवला, मागे सरकले आणि मान कलती करून बघत राहिले.

“वैजयंतीजी, ये मकान!” शेवटी ते म्हणाले. “बाक़ी सब ठीक है, अच्छा है. लेकिन ये मकान तो बोलता है. लगता है अभी कोई बाहर आएगा.”

“सर, वो मकान वहाँ है नहीं,” वैजयंती म्हणाली.

सक्सेना साहेब हसले. “तो क्या हुआ? आर्टिस्ट की आज़ादी! इसे हटाइएगा मत. समिती को मैं यही दिखाकर मनाऊँगा.”

आणि त्यांनी तसंच केलं. समितीतल्या प्रत्येकाने त्या घरावरच बोट ठेवलं. भिंत वैजयंतीला मिळाली. घरी येताना तिने पेढे घेतले, सुधाकरने शेजारीपाजारी वाटले, सगळ्यांनी अभिनंदन केलं. वैजयंतीही हसत होती. पण पेढा तिला गोड लागला नाही. सगळ्या चित्रात जे एकच जिवंत म्हणून लोकांनी उचललं, ते तिने काढलेलं नव्हतं.

४

चैत्र लागला आणि भिंतीचं काम सुरू झालं. आराखड्यावर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी भिंतीवर आखायच्या, आणि एकेक चौकट तिकडे उतरवत जायची. दालनात बांबूची परांची बांधली होती. दिवसभर उंच खिडक्यांतून ऊन आत यायचं आणि फरशीवरून हळूहळू सरकायचं. आवाज एवढाच, कुंचल्याचा आणि काठावरच्या टकटकीचा.

वैजयंतीने ती एक चौकट मुद्दाम कोरी ठेवली होती. आजूबाजूचं सगळं होऊ दे, मग पाहू.

पण आजूबाजूचं काही होईना. तिने शाळा काढली, ती खोक्यासारखी दिसली. बाजारातली माणसं काढली, ती पोस्टरावरच्या माणसांसारखी ताठ उभी राहिली. तिने खरडून पुन्हा काढलं, तरी तेच. एरवी जिच्या दोन फटकाऱ्यांत माणूस चालायला लागायचा, तिला आता हात कुठे जोडलाय हेही आठवून काढावं लागत होतं. एका संध्याकाळी तिने सुधाकरला समोर बसवून त्याचं चित्र काढलं. सुधाकरने ते पाहिलं आणि हळूच म्हणाला, “वैजू, हा ओळखपत्रावरचा मी आहे.”

एका सकाळी ती परांचीवर चढली तर कोरी चौकट कोरी नव्हती.

रंग ओला होता. तिच्या बोटांवरही तोच रंग होता, तोच पिवळट चुन्याचा. म्हणजे आत्ता, आल्या आल्या, तिनेच काढलं होतं. झोळी खाली ठेवल्याचं तिला आठवत होतं. त्यानंतर थेट हे.

घर पूर्ण झालं होतं. गाठ मारलेला पडदा, दोरीवर साडी. आणि व्हरांड्यात स्टुलावर, पाठमोरी, एक बाई बसली होती. मांडीवर पाटी. मान किंचित कललेली.

वैजयंती अगदी जवळ गेली. बाईच्या पाटीवरचा कागद नखाएवढा होता. त्यावर केसासारख्या बारीक रेघांनी एक लांब इमारत काढलेली होती, आणि इमारतीच्या गच्चीवर एक ठिपका. ठिपक्याला मांडी होती आणि मांडीवर पाटी होती.

दुपारी डबा घेऊन आलेल्या सुधाकरला तिने ते दाखवलं. तो परांचीवर चढून बराच वेळ बघत राहिला. खाली उतरला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

“डावा खांदा वर आहे,” तो म्हणाला. “काढताना तुझाही असाच वर जातो. वैजू, ही पाठ तुझी आहे.”

“माझी नाही,” वैजयंती म्हणाली. “मी इथे उभी आहे.”

५

त्या दिवशी दोघं जेवली नाहीत. सुधाकरने सायकल हातात धरली, वैजयंती शेजारून चालत होती. रस्त्यावर गुलमोहोर फुलायच्या बेतात होते, बाजारात कलिंगडांचे ढीग लागले होते, ओळखीची माणसं नमस्कार करत होती.

“सोड हे काम,” सुधाकर म्हणाला. “सक्सेना साहेबांना सांग, तब्येत बरी नाही. येऊ दे दिल्लीचा माणूस.”

“आणि मग?”

“मग काय? पोस्टरं आहेतच की.”

“पोस्टरंही नाही येत आता,” वैजयंती म्हणाली. “काल सुरक्षेचं पोस्टर केलं. त्या माणसाच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं की डोक्यात हेल्मेट ठोकलं ते मलाच कळेना. अहो, तिकडे तिचा हात चालतो तसा इकडे माझा थांबतो. मी भिंत सोडली तर ती सोडणार आहे का?”

सुधाकरने सायकल थांबवली. ‘ती’ हा शब्द त्यांच्यात पहिल्यांदा आला होता.

“तू कुणाबद्दल बोलतेयस?”

“मला माहीत नाही. आणि मला माहीत करूनही घ्यायचं नाही.” ती पुन्हा चालायला लागली. “माझं चुकलं कुठे ते मात्र कळलंय. मी ते घर इतक्यांदा काढलं, पुसलं. पण ती जागा एकदा तरी नीट पाहिली का? लांबून, गच्चीवरून, इतर घरांच्या मधली फट म्हणून पाहिली. बाभूळ कशी आहे विचारलं तर मला सांगता येणार नाही. न पाहिलेली जागा सोडली मी. तिथे कुणीतरी येऊन बसलं.”

“मग काय करणार?”

“समोर बसून काढणार. जे आहे ते.”

सुधाकर म्हणाला, “मी येतो बरोबर.”

“नको. तुम्ही असलात की मी तुमच्याकडे बघत बसेन.” आणि कितीतरी दिवसांनी ती खरीखुरी हसली.

६

विमलताईंनी बसायला वेताचा मोढा दिला. कशाला हवा ते विचारलं नाही, पण वैजयंती मोकळ्या जागेकडे वळली तशा पदर तोंडाशी धरून दारातच उभ्या राहिल्या.

भर दुपार होती. टाउनशिप सामसूम, पुरुष कारखान्यात, बायका घरात पडलेल्या. वैजयंतीने बाभळीसमोर, पुरेसं अंतर ठेवून, मोढा मांडला. डोक्यावर पदर घेतला, पाटी मांडीवर ठेवली आणि आधी नुसती बघत राहिली.

खोड सरळ नव्हतं. कमरेएवढ्या उंचीवर त्याने एकदा विचार बदलला होता आणि ते डावीकडे गेलं होतं. साल काळी, उभी चिरलेली, चिरांत डिंकाचा तांबूस थेंब. काटे जोडीजोडीने, पांढरे. शेंगा मण्यांच्या माळेसारख्या, मध्ये मध्ये आवळलेल्या. बकऱ्यांनी तोंड पोचेल तिथपर्यंतचा पाला खाल्लेला, म्हणून खालचा काठ कात्रीने कापल्यासारखा. एवढं सगळं होतं तिथे, आणि तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिने खोडापासून सुरुवात केली.

थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग तिला गार वाटलं. अंगावर आलेला घाम एकदम थंड झाला. तिने पाहिलं, तिच्या कागदावर सावली पडली होती.

बाभळीची सावली चाळणीसारखी असते, उन्हाचे कवडसे गाळून खाली सोडणारी. ही सावली सलग होती. तिला सरळ कड होती. घराच्या छपराला असते तशी. कड तिच्या कागदावरून, मनगटावरून, मांडीवरून सरकत गेली आणि तिला पूर्ण आत घेऊन थांबली.

‘ढग असेल,’ वैजयंती मनात म्हणाली. वर बघितलं असतं तर खात्री झाली असती. तिने वर बघितलं नाही. ती खोडाकडे बघत राहिली आणि डिंकाचा थेंब काढला.

टर्पेंटाइनचा वास आला. मग आवाज. अगदी घरगुती. डब्यात कुंचला घोळवल्याचा. डब्याच्या काठावर टकटक. पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्याचा. समोर तर गवत आणि बाभूळ होती, आणि तरी आवाज तिथूनच येत होते, चार हातांवरून.

टकटक थांबली. फरशीवर स्टूल ओढल्यासारखा आवाज झाला. बसलेलं माणूस वळून बसतं, तसा.

वैजयंतीने पेन्सिल घट्ट धरली. काढत राहायचं असेल तर समोर बघावंच लागणार होतं; कागदात डोकं खुपसून आठवणीने काढलं असतं तर पुन्हा घरच उतरलं असतं, हे तिला पुरतं कळत होतं. तिने मान वर केली.

खोड जिथे डावीकडे वळत होतं, तिथे, बसलेल्या बाईच्या उंचीवर, एक हात होता. पुढे ताणलेला. मुठीत उभी पेन्सिल, पेन्सिलीवर अंगठा. समोरच्या माणसाचं माप घेताना चित्रकार धरतो तशी. अंगठा पेन्सिलीवरून सावकाश खाली सरकला. आणि त्या हाताच्या मागे, वर, जिथे चेहरा असायचा तिथे कोरं होतं. चुना लावून, घासून, रंगाची वाट बघत ठेवलेल्या भिंतीसारखं कोरं. ते तिच्याकडे वळलेलं होतं.

अंगठा आणखी सरकला. वैजयंतीला आपल्या कपाळावरून रबर फिरल्यासारखं वाटलं. माहेरच्या अंगणातलं झाड कुठलं होतं ते तिला आठवेना. मग अंगणच आठवेना. तिच्या हातातली पेन्सिल आपसूक कागदाच्या वरच्या कोपऱ्याकडे निघाली. तिथे एक वाटोळी रेघ ओढायची होती, हनुवटीची, बस, एवढीच.

“नाही,” वैजयंती मोठ्याने म्हणाली.

तिनेही हात ताणला. पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला, अंगठा लावला आणि माप घेतलं. समोरच्या हाताचं नाही, त्याच्याआडच्या खोडाचं. खोडाच्या वळणापासून पहिल्या फांदीपर्यंत किती. तिने ते कागदावर मांडलं. पुन्हा हात ताणला. फांदीपासून काट्यापर्यंत किती. मांडलं. तिथे काट्यांची जोडी होती, तिने काट्यांची जोडी काढली. तिथे वाळलेली शेंग होती, तिने शेंग काढली, तिच्यातला प्रत्येक मणी काढला. तो कोरा तुकडा मध्ये येत होता, तर तिने त्याच्या आरपार पाहिलं, जोर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मागे साल दिसली तेव्हा ती साल चीर चीर करून काढली.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. एकदा कुणीतरी अगदी कानाशी लांब श्वास सोडल्यासारखं झालं. तिने वळून पाहिलं नाही. ती गवत काढत होती. वाळलेलं वेगळं, हिरवं वेगळं, बकरीच्या खुराने दबलेलं वेगळं.

मग मनगटाला चटका बसला. ऊन. कागदावर ऊन आलं होतं, पांढरंफेक, डोळे दिपवणारं, आणि मांडीवर बाभळीची चाळणी हलत होती. कवडसे मोजावे इतके स्पष्ट.

वैजयंतीने कागदाकडे पाहिलं. बाभूळ होती. तीच, वाकडी, हट्टी, शेंगांनी लगडलेली. वारा आला तर हलेल अशी. बाकी काही नव्हतं.

मागे धडामकन काहीतरी सरकलं आणि ती दचकून उभी राहिली. विमलताईंचं कपाट. खिडकी कचकच करत उघडली आणि आतून विमलताईंचं घामाघूम तोंड बाहेर आलं.

“वास गेला नं वं!” त्या ओरडल्या. “गेला! चहा मांडू का?”

“मांडा,” वैजयंती म्हणाली, आणि मोढ्यावर बसून पोटभर रडली, आणि रडता रडता हसली.

७

दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरची ती चौकट चाकूने खरवडली. रंग सालीसारखा सुटून परांचीवर पडला. स्टुलावरच्या पाठीशी चाकू आला तेव्हा तो क्षणभर अडला, खाली खडा असावा तसा. तिने दुसऱ्या हाताचा जोर दिला.

मग तिने बाभूळ रंगवली. एका दमात, खाली न उतरता. ती झाल्यावर तिने शाळेकडे मोर्चा वळवला आणि शाळेच्या दारातून मुलं बाहेर सांडली. बाजारात भाजीवाली पाणी शिंपडायला लागली. सायकलींचा लोंढा तिने केला तो असा की चौकीदार रोज येऊन त्यात स्वतःला शोधायचा, आणि एक दिवस तो स्वतःला सापडलाही. सुधाकर डबा घेऊन यायचा आणि डबा तसाच हातात धरून उभा राहायचा. “हे माझ्या डोळ्यांदेखत होतंय,” तो एकदा म्हणाला, “तरी कसं होतंय ते सांगता येत नाही.” गणिताच्या मास्तराने असं म्हणावं याची वैजयंतीला फार गंमत वाटली.

सक्सेना साहेबांनी मात्र आल्या आल्या कपाळाला हात लावला. “वैजयंतीजी! मकान कहाँ गया? समिती ने उसी पर तो हाँ की थी!”

“सर, वहाँ मकान नहीं है,” ती परांचीवरूनच म्हणाली. “वहाँ बबूल है. आप थोड़ी देर देखिए.”

ते रागातच उभे राहिले. उभेच राहिले. थोड्या वेळाने त्यांनी पानाचा डबा काढला, उघडला, आणि पान न घेताच मिटून खिशात ठेवला. “मेरे गाँव में था ऐसा एक,” ते म्हणाले. “स्कूल से भागकर उसके नीचे बैठते थे.” जाताना त्यांनी वळून पुन्हा पाहिलं. “रहने दीजिए. समिती से मैं निपट लूँगा.”

निपटायची वेळच आली नाही. उद्घाटनाला सगळी टाउनशिप लोटली. बायकांनी आपापली घरं शोधली, मुलं शाळेकडे बोटं दाखवून ओरडली, विमलताईंनी तर आपली उघडी खिडकी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी माइकवरून जाहीर केलं की अतिथिगृहाची भिंतही टोकेकर मॅडमच करतील, विषय त्यांनीच ठरवावा. टाळ्या थांबेनात. पण वैजयंतीचं लक्ष दुसरीकडे होतं. माणसं भिंतीसमोरून सरकत सरकत यायची आणि टाकीमागे आली की पावलं आपोआप थांबायची. एका घरापुरत्या त्या मोकळ्या जागेसमोर लोक गप्प उभे राहायचे, झाडाखाली उभं राहावं तसे.

“मॅडम, इस पर आपका नाम कहाँ है?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

नाव नव्हतं. विभागाच्या कामावर नाव घालायची पद्धतच नव्हती. सक्सेना साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, मग खांदे उडवले आणि स्वतःच रंगाची वाटी तिच्यापुढे धरली.

पिवळी साडी नेसलेली वैजयंती भिंतीपाशी गेली. कुठे लिहायचं याचा तिला विचार करावा लागला नाही. बाभळीच्या खोडापाशी, गवतात, एका बाईला स्टूल टाकून बसता येईल एवढी जागा होती. तिथे तिने कुंचला टेकवला आणि सगळ्यांसमोर, न थरथरता, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

लोक पांगले. चहाचे कप उचलले गेले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. सुधाकर दारात वाट बघत उभा होता.

“चल ना, वैजू.”

“आले,” ती म्हणाली.

पण अक्षरं पुरती सुकेपर्यंत ती तिथून हलली नाही. बोट लावून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही, तेव्हाच निघाली.